इंद्रजीतच्या नावानं आंघोळ

"मॅडम, सगळं झकास आहे, पण रडणार कोण?" असं अर्पितानं फोनवर विचारलं तेव्हा मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, आमच्या सरकीच्या तेलाच्या कारखान्याच्या ऑफिसात बसले होते, आणि बाहेर ट्रक मागे घेता घेता एक ड्रायव्हर कुणाला तरी मनापासून शिव्या घालत होता. प्रश्न तसा साधाच. पण मी अर्धा चहा तसाच बाजूला सारला. ही अर्पिता पुण्याच्या एका कंपनीत आहे. त्यांच्या ॲपवर माझ्या इंद्रजीतच्या रहस्यकथा लोक कानात बोंडं खुपसून ऐकतात, पोळ्या लाटताना, गाडी चालवताना, झोप येत नाही म्हणूनही. पोरगी मूळची पांढरकवड्याची. एरवी पुण्यासारखं बोलते, भरात आली की गाव बाहेर पडतं. तिचं म्हणणं असं, की या खेपेला शेवटी इंद्रजीतला मारायचं. खरं नाही, खोटं. लोकांनी हळहळायचं, आणि पुढच्या खेपेला हा पठ्ठ्या जिवंत निघायचा. मी मरण बेतूनही दिलं होतं: अरुणावती धरणाच्या भिंतीजवळ त्याची मोटरसायकल, काठावर चपला, पाण्यात रुमाल, प्रेत नाही. ज्या टोळीच्या मागे तो लागलाय ती निर्धास्त होणार, आणि हा लपून तिच्यावर नजर ठेवणार. "ते ठीक आहे हो," अर्पिता म्हणाली, "पण इतक्या कथा झाल्या, त्याला आई नाही, बाप नाही, बायको नाही, धड एक दोस्त नाही. टपरीवर चहा पितो तोही एकटाच. असा माणूस मेला काय अन् जगला काय, ऐकणाऱ्याले काहून वाईट वाटन? कोणीतरी रडलं पाहिजे ना मॅडम." बघते, म्हणाले. फोन ठेवला. बाहेरच्या ड्रायव्हरच्या शिव्या संपल्या होत्या आणि तो आता मोठ्यानं हसत होता.

मग तो प्रश्न मागेच लागला. भाजी निवडताना, ऑफिसच्या गाडीत, दारव्हा रोडवरच्या माझ्या दोन खोल्यांचं कुलूप काढताना. कुलूप काढताना तर हटकून. अगं बाई, मी स्वतःला म्हटलं, पोरीनं हे इंद्रजीतबद्दल विचारलं का तुझ्याबद्दल? मी त्याला माणसं दिली नाहीत हे खरं आहे. आडनावसुद्धा दिलं नाही. आडनाव दिलं की जात येते, आणि जात आली की निम्मे ऐकणारे उठून जातात, असं मी अर्पिताला मोठ्या ऐटीत ऐकवलं होतं. पण माणसं का दिली नाहीत? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! माझा नवरा उत्तमसिंग पाटबंधारे खात्यात होता. लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यानं दुसरी आणून ठेवली. मी पिशवी भरली, निघाले, तो दारात उभा राहून दात कोरत होता. भांडणसुद्धा झालं नाही हो. भांडायला तरी समोरच्याला आपण हवे असावे लागतो. मूलबाळ नाही. बाप केव्हाच गेला. मोठा भाऊ संजय माझ्या लग्नाच्या सुमाराला गेला. राहिली याडी. आमच्यात, गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांत, आईला याडी म्हणतात. ती महागावकडे आमच्या तांड्यावर एकटी राहते, पंच्याहत्तरी ओलांडलेली, शेळ्या पाळते. यवतमाळला ये म्हटलं की म्हणते, "अन् माह्या शेळ्या काय तुह्या ग्यालरीत बांधू?" म्हणते ती गोरबोलीत, मी इथं तिचं वऱ्हाडी करून सांगते, नाहीतर तुम्हाला काय कळणार. तर मी मेले तर ती रडेल. याबद्दल मला शंका नव्हती, कारण ती माझ्यासाठी कशी रडते ते मी एकदा पाहिलेलं आहे.

आमच्याकडे नवरी सासरी निघताना ढावलो म्हणते. म्हणते म्हणजे रडतेच, पण सुरात. एकेकाच्या गळ्यात पडून, त्याला हाक मारून, त्याच्या अंगणाची, त्याच्या हातच्या भाकरीची आठवण काढून. म्हाताऱ्या बाया ते पोरींना शिकवतात, आणि जिला येत नाही तिची तांडाभर टिंगल होते. मी पुसदला वसतिगृहात राहून बारावी झालेले; मला त्या सगळ्याची लाज वाटायची. माझी काकी सुखीबाई शिकवायला बसली की मी मुद्दाम पुस्तक उघडायची. मग व्हायचं तेच झालं. निघायच्या वेळी याडीच्या गळ्यात पडले आणि तोंडातून शब्द फुटेना. बाया एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. तेवढ्यात याडीनं सूर धरला. मुलीनं म्हणायचं आणि आईनं साथ द्यायची अशी रीत, इथं आईच सुटली. तसा तिचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. तो गळ्यातून येत नव्हता, कुठून तरी खालून, ओटीपोटातून येत होता, आणि मध्येच श्वास संपून नुसता घरघर वाजायचा. तिची बोटं माझ्या पाठीत रुतली होती. त्याचे वळ सासरच्या न्हाणीत मी हात मागे नेऊन चाचपून पाहिले. जीप सुरू झाली तरी ती सोडेना, बायांनी ओढून काढली तिला. सुखीबाई म्हणाली, "लेकीसाठी माय रडते वं, पण असं रडणं या तांड्यानं नाई पाह्यलं." ही माझी कमाई. दुसरं काय आहे माझ्याजवळ? उत्तमसिंगचं घर सोडलं तेव्हा, कारखान्यात डबे उघडले की बायका माझी दोन वाक्यांत विचारपूस करून आपापल्या घरच्यांचं बोलायला लागतात तेव्हा, डेंग्यूत फणफणून पडले आणि पेला उचलून द्यायला कुणी नव्हतं तेव्हा, मी मनातल्या मनात तो आवाज लावून ऐकत आले. एका माणसानं कधीकाळी माझ्यापायी एवढा आकांत केला होता. पुष्कळांना तेवढंही मिळत नाही, असं म्हणून कूस बदलायची.

तेव्हा इंद्रजीतला मी आई दिली. रविवारची दुपार होती, जेवण झालं होतं, एका माणसाची भांडी घासायला वेळ तो किती लागणार. पलंगावर आडवी पडून त्याच्या मरणाचे सांधे जुळवत बसले. खोट्या मरणाची मेख अशी, की निदान एकाला तरी खरं ठाऊक असावं लागतं. लपलेल्याला जेवण कोण पोचवणार? गावात काय चाललंय ते कोण सांगणार? "बोल बाबा, कुणाला विश्वासात घेशील?" मी त्याला विचारलं. मोठ्यानंच विचारलं. एकटं राहण्यात तेवढी एक सोय असते, वेडी म्हणायला कुणी नसतं. तो म्हणाला, आईला. बरं. म्हणजे आता म्हातारीला सोंग करावं लागणार, पोरगा जिवंत आहे हे ठाऊक असून साऱ्या गावासमोर तो मेल्याचं. आणि रहस्यकथा म्हटली की तिची कुठंतरी चूक व्हायलाच हवी, जिच्यावरून टोळीचा माणूस ओळखेल. कोणती चूक? कमी रडली? छे, आया धक्क्यानं गप्प होतात, हे सगळ्यांनाच ठाऊक. मुलासाठी भाकरी लपवताना दिसली? हे उष्टं झालं, शंभर जणांनी चघळलेलं. मला आमच्या मातीतली चूक हवी होती, पुण्याच्या पोरांना सात जन्मांत सुचणार नाही अशी. डोळे मिटले होते, पंखा कुरकुरत होता, खालच्या मजल्यावर कुणीतरी अंगणात बादली ओतली, आणि फरशीवर पाणी पसरल्याचा तो आवाज ऐकून मी उठून बसले. आंघोळ! मेल्याची खबर आली की घरचं माणूस पहिल्यांदा काय करतं? डोक्यावरून पाणी घेतं. हातातलं काम टाकून, असेल तिथं, अंगावरच्या कपड्यांनिशी. एखाद्याशी कायमचं फाटलं तर आपण म्हणतोच की, तुझ्या नावानं आंघोळ केली. आता ज्या आईला ठाऊक आहे की लेक जिवंत आहे, ती सगळं सोंग करेल, ऊर बडवेल, जमिनीवर लोळेल, पण धडधाकट पोराच्या नावानं डोक्यावर पाणी घ्यायला तिचा हात धजणार नाही. अपशकुन नाही का तो! ती टाळेल, ताप आहे म्हणेल, उठवत नाही म्हणेल. आणि टोळीचा माणूस गर्दीच्या मागे उभा राहून बघेल, की साऱ्या बाया ओल्याचिंब आहेत आणि जिचा पोरगा बुडाला तिचेच केस कोरडे. वा रे वा, उज्ज्वलाबाई! मी टाळी वाजवली. आणि हात तसेच जुळलेले राहिले, कारण हे मी रचलेलं नव्हतं. हे मी पाहिलेलं होतं.

संजय पांढरकवड्याच्या एका मालकाच्या ट्रकवर होता, नागपूर-हैदराबाद. घरी आला की त्याच्या शर्टाला डिझेलचा आणि विलायचीचा वास यायचा. विलायची सारखी चघळायचा, विडी ओढल्याचं बापाला कळू नये म्हणून. माझ्या लग्नाला नक्की येतो म्हणाला होता आणि आला नाही. ट्रकवाल्याचं काय, अडकला असेल कुठं, असं सगळे म्हणाले. मी चिडले होते, त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले, हातावरची हळद अजून उतरली नव्हती, त्या दुपारी देवीलाल आला. हा आमच्याच तांड्याचा, संजयच्याच मालकाकडे दुसऱ्या ट्रकवर ड्रायव्हर. अंगणात उभा राहिला, डोक्याचा गमछा काढला, आणि कुणाकडे न बघता म्हणाला, आदिलाबादच्या पुढे संजयची गाडी टँकरवर गेली, पेटली, हाती काही लागलं नाही, तिकडंच उरकलं. बाप मटकन खाली बसला. मग सारा तांडा उठला. माणसं नाल्याकडे, बाया विहिरीकडे. मीही हिरव्या चुड्यासकट बादली डोक्यावर उपडी केली. मे महिन्याचं ऊन, आणि मी कुडकुडत होते. परत आले तर याडी चुलीपुढे बसलेली. भाकर थापत होती. तव्यावरची उलटली, परातीतला पुढचा गोळा घेतला. सुखीबाई ओल्या अंगानं तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "चंदा, ऊठ वं. पाणी घे अंगावर." याडी वर न बघता म्हणाली, "पोरगी उपाशी आहे. तिले आधी जेवू घाला." सुखीबाईनं पुन्हा सांगितलं, हात धरून ओढलं, शेवटी घागरच आणली आणि तिच्या डोक्यावर ओतायला गेली, तर याडीनं घागरीला असा हात हाणला की ती चुलीत कलंडली, राखेचा लोट उठला, आम्ही सगळ्या खोकत बाहेर पळालो. "डोक्यावर परिणाम झाला बिचारीच्या," बाया म्हणाल्या. मीही तेच धरून चालले, इतकी वर्षं. ती संध्याकाळपर्यंत तशीच बसून होती आणि तिच्या केसांना पाण्याचा थेंब लागला नाही.

रहस्यकथा लिहिणारीचं डोकं फार वाईट. एक दोरा हाती आला की उसवतच जातं. देवीलाल दरवर्षी दिवाळीला याडीकडे यायचा. घरामागे शेळ्यांच्या वाड्याशी दोघं हलक्या आवाजात बोलत बसायची आणि मी गेले की गप्प व्हायची. हा निरोप्या नाही तर कोण? बापाचा फोटो हार घालून भिंतीवर आहे, संजयचा नाही. पित्तरात बापाच्या नावानं पान वाढते, संजयच्या नाही. यवतमाळला येत नाही ती काय खरंच शेळ्यांपायी? वाट बघते ती कुणाची तरी. आणि जळालेली गाडी पाहिली कुणी? देवीलालनं. म्हणजे कुणीच नाही! मग कशासाठी लपला असेल तो? असेल काही मारामारी, पोलिसांची भानगड, एखादी परजातीची पोरगी. मी त्याचा तिकडे संसारच मांडून टाकला. हैदराबादच्या बाजूला कुठंतरी भाजीचा गाडा, तेलुगू बोलणारी बायको, दोन मुली. मला न पाहिलेल्या भाच्या. त्यांतली एक माझ्यासारखी नाकानं चपटी. हसू नका. तो आठवडा मी काय वेड्यासारखी वागले ते माझं मला ठाऊक. तेलंगणाचा नंबर असलेला ट्रक कारखान्यात शिरला की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जायची आणि ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघायची. साठीकडे झुकलेला कुणी असला की दोनदा. एकाला तर विचारलं, विलायची खाता का तुम्ही? तो बिचारा घाबरून पाण्याची बाटली पुढे करायला लागला. याडीचा राग आला नाही असं नाही. इतकी वर्षं माझ्यापासून लपवलं! मी एकटी सुकत बसले आणि भाऊ आहे हे एका शब्दानं बोलली नाही! पण राग टिकत नव्हता. भाऊ जिवंत असेल तर मी जगात एकटी नाही, याच्यापुढे मला दुसरं काही दिसत नव्हतं. देवीलाल करोनात गेला. खरं सांगू शकेल अशी एक म्हातारी उरली होती, आणि तिचाही काय भरवसा. पुढच्या रविवारी सकाळी मी उमरखेडची बस धरली.

आर्णी गेलं, महागाव आलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायांच्या पाठी वाकलेल्या. वाटेत मी इंद्रजीतसारखी तयारी केली. एकदम विचारायचं नाही. आधी शेळ्यांचं, मग देवीलालचं, मग संजयच्या लहानपणाचं, असं करत करत तिला कोपऱ्यात आणायचं. फाट्यावरून ऑटोनं तांड्यावर पोचले तर याडी लिंबाखाली बसून शेळ्यांपुढे बोरीचा पाला टाकत होती. मला बघून तिनं कपाळावर हात धरला.

"काय वं, सण ना वार, कशी काय आली?"

"आली अशीच."

"नोकरी गेली काय?"

"नाई गेली याडी."

"मंग तोंड काहून असं सुकलं? थांब, च्या मांडतो."

तिनं चहा केला, मला दिला आणि पुन्हा शेळ्यांपाशी बसली. गुळाचा, धुरकट. मी दोन घोट घेतले. आणि माझ्या साऱ्या तयारीवर पाणी फिरलं. तिची बोटं बघितली, बोरीच्या काट्यांनी ओरबाडलेली, आणि एकदम तोंडातून निघून गेलं, "याडी, संजय कुठी आहे?"

ती पाला टाकायची थांबली. एक बोकड तिच्या हातातली फांदी ओढत होतं, तिनं ती सोडून दिली.

"देवीलाल खबर घेऊन आला तवा साऱ्यांनी आंघोळ केली," मी म्हणाले, "तू नाई केली. सुखीकाकीनं घागर आणली तर तू तिच्या हातची उडवली. काहून? तुले माहीत होतं ना तो जिता आहे? मी कोणालेच नाई सांगत याडी. तुही शप्पथ. मले काही नको त्याच्यापासून, मले फक्त त्याले एकडाव पाहाचं आहे." मी तिचे गुडघे धरले होते. पन्नाशी उलटलेली बाई, नोकरी करणारी, कानाकानांतून लोकांना हुशारीच्या कथा ऐकवणारी, आणि तिथं मातीत बसून नाक ओढत होते.

"अवं माय," याडी म्हणाली. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला पाल्याचा वास होता. "इतके साल हे घेऊन बसली तू?"

"आठ दिवस झाले."

"मी आंघोळ केलती," ती म्हणाली.

"कवा? मी होती ना तिथी. पाह्यलं ना मी."

"तवा नाई. त्याच्या पह्यले." तिनं उरलेला पाला शेळ्यांपुढे सारला. मग सांगायला लागली, आवाज वर नाही, खाली नाही, काल-परवाचं सांगावं तसं. "तुह्या हळदीच्या दिवशी दुपारी आलता देवीलाल. मालकानंच धाडलं होतं त्याले. तुहा बाप अन् सारे माणसं महागावले बाजाराले गेलते. त्यानं मले घरामागं बोलावलं अन् सांगतलं. मी म्हटलं, देवीलाल, कोणाजवळ तोंड उघडशीन तर तुले त्याचीच आण आहे. सुतक पडलं असतं वं. मांडव उतरवा लागला असता. उत्तमसिंगचे लोक आधीच नाक मुरडत होते, पोरगी जादा शिकली म्हणून. मोडलेलं लगन कोण पुन्हा जुळवते? म्हटलं, जाय, पोरगी सासरी जाऊन माघारी आली की येजो, अन् आत्ताच कळल्यावानी सांगजो. मंग तुराट्याच्या कुडाआड गेली. शेळ्याच्या पाण्याची बादली होती, तेच घेतली डोक्यावर. केस पुसले, जुडा घातला, अन् येऊन तुले हळद लावली."

बोकडानं फांदी पार साफ केली होती. मला माझ्या गालावर तिचा हात आठवत नव्हता, खूप बायांनी हळद लावली होती, कुणाचा कोणता हात कसा आठवणार. मी आठवायचा प्रयत्न करत राहिले.

"मंग दुसऱ्या खेपेले..."

"एका लेकराची आंघोळ दोन खेपा कशी करू?" आता मात्र तिचा आवाज चढला. "एकडाव मेला ना तो माह्यासाठी. पुन्हा पाणी घेऊन पुन्हा मारू काय त्याले? सुखीले काय समजते!"

संपलं. भाजीचा गाडा गेला, तेलुगू बायको गेली, चपट्या नाकाची भाची गेली. आठ दिवसांपूर्वी तो माझ्यासाठी नव्हताच, तरी आत्ताच गेल्यासारखा वाटला. इंद्रजीतची आईही गेली. केस कोरडे असले म्हणून पोरगा जिवंत असतो असं कुठंय. देवीलालचं मी विचारलंच नाही, तीच म्हणाली, "दिवाळीले यायचा तो बिचारा. त्याच्याशिवाय कोणाजवळ बोलू? त्याले एकट्यालेच माहीत होतं." मी उत्तमसिंगचा दात कोरणारा चेहरा आठवला. त्या माणसासाठी, त्याच्या मांडवासाठी, या बाईनं पोटचा पोरगा गिळून टाकला होता, आणि ते लग्न मला चार उन्हाळेसुद्धा पुरलं नाही. मला तिची कीव आली, जीव तुटला, तिला कुशीत घ्यावंसं वाटलं. आणि तेवढ्यात मी विचारू नये ते विचारलं. कळत असतं तर विचारलं नसतं.

"तुले रडू नाई आलं वं? घरभर पाहुणे, गाणे, अन् तू एकटी. कसं गिळलं?"

"गिळलं कुठी?" याडी म्हणाली. "रडली ना मी. तुह्या ढावल्यात रडली. तवा रडलं तर कोण काय म्हणते? साऱ्या बायाच रडतात. लय दाबून ठेवलं होतं, पोट फाटून राह्यलं होतं माहं. तू गळ्यात पडली अन् तुले बोल सुचून नाई राह्यले, म्हटलं बरं झालं, आता मीच म्हणतो. तुले धरलं, अन् त्याले रडून घेतलं."

माझ्या हातात चहाचा पेला होता. तो रिकामा होता, तरी मी तो तोंडाला लावला. लिंबाची बारीक पिवळी पानं अंगणभर पडलेली होती. पलीकडच्या घरी कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला.

याडी माझ्याकडे बघत होती. म्हाताऱ्या माणसांना दिसत कमी असेल, पण कळायचं राहत नाही. तिनं जवळ सरून माझ्या पाठीवर हात फिरवला, दोनदा, वरून खाली, आणि एखादं काम अर्धवट राहिल्याचं उशिरा लक्षात यावं तशी म्हणाली, "तुह्यासाठी रडाचं राहूनच गेलं वं बाई."

"राहू दे याडी," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि शेळ्यांना पाणी दाखवायला गेली.